डब्यावरचा निळा त्रिकोण म्हणजे नेमकं किती विषारी?

पऱ्हाटी | ९ सप्टेंबर, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. मी नोकरीला पुण्यात, शेती यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडे, ती काका बघतात. गणपतीत गावी गेलो होतो. गोठ्याला लागून असलेल्या खोलीत फवारणीच्या औषधाचे डबे असतात. काकांना सहज म्हटलं, निदान हातमोजे तरी घालत जा. त्यांनी एक डबा उचलून माझ्या नाकासमोर धरला. "हे पाय, निळा हाय. लाल मी आणतच नाही. निळ्यानं काय होते?"

मला उत्तर देता आलं नाही. २०१७ मध्ये आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात होती, त्यामुळे विषय घरात नवा नाही. पण निळा म्हणजे नक्की किती? कोणी मोजलं, कशावर मोजलं? आणि निळं असेल तर मोजे न घालता चालतं का? माहीतगारांनी सांगा. काकांना तोंडी सांगता येईल असं सांगा, पीडीएफ नको.

टवाळपुरी | ९ सप्टेंबर, रात्री १०:३१

सिग्नलला निळा दिवा कधीपासून आला?

बी-बियाणे | ९ सप्टेंबर, रात्री ११:०५

कृषी सेवा केंद्र चालवायचो सहा वर्षं, म्हणून सांगतो. चार रंग आहेत. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे खूप विषारी, निळा मध्यम, हिरवा कमी. हे १९७१ च्या कीटकनाशक नियमांतून आलंय. तोंडावाटे पोटात गेलं तर किती मिलिग्रॅमला मरण येतं, त्यावर रंग ठरतो. वजनाच्या दर किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंत लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा, त्यापुढे हिरवा. कातडीवाटे किती लागतं त्याचे आकडे वेगळे, ते मोठे असतात. लालवर कवटी आणि दोन हाडं, पिवळ्यावर नुसतं 'विष', निळ्यावर 'धोका', हिरव्यावर 'सावधान'.

काकांचा हिशेब चुकीचा नाही. मोनोक्रोटोफॉस लाल असायचं आणि लोक ते बिनधास्त हाताने ढवळायचे. त्यापेक्षा निळं घेणारा माणूस शहाणाच म्हणायचा.

अनुस्वार | ९ सप्टेंबर, रात्री ११:२०

किरकोळ दुरुस्ती. तो त्रिकोण नाही. चौकोन ४५ अंशांत तिरका उभा केलेला असतो, वरच्या अर्ध्यात चिन्ह आणि शब्द, खालच्या अर्ध्यात रंग. त्या रंगीत अर्ध्या भागाला सगळे त्रिकोण म्हणतात.

टवाळपुरी | ९ सप्टेंबर, रात्री ११:२२

म्हणजे शंकरपाळी! शीर्षक बदला हो.

वऱ्हाडी ठेचा | १० सप्टेंबर, सकाळी ७:४०

आमच्याकडं त्याले विष कोणी म्हनतच नाही ना भाऊ. औषध म्हनते. 'औषध आन्लं', 'औषध मारलं'. आता औषधाले हातमोजे घालून कोन भेते? निस्ता रंग काय पाहून राह्यले, आधी नाव बदला.

उंदीरमामा | १० सप्टेंबर, दुपारी १:१५

ठेचाभाऊ, तुमच्या मुद्द्यात एक गंमत दडली आहे. ज्या आकड्यावर हे रंग ठरतात तो एलडी-५०, म्हणजे ज्या मात्रेला निम्मे प्राणी मरतात ती मात्रा. १९२७ मध्ये ट्रेव्हन नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने ही कल्पना मांडली, ती कीटकनाशकांसाठी नव्हे. डिजिटॅलिस, इन्सुलिन अशा खऱ्याखुऱ्या औषधांची ताकद घाण्यागणिक बदलायची, ती एका मापात आणायला. 'सगळे मरतात ती मात्रा' किंवा 'पहिला मरतो ती मात्रा' घेतली तर एखाददुसऱ्या चिवट किंवा अशक्त प्राण्यावर आकडा हेलकावतो. निम्म्याचा आकडा सगळ्यात कमी हलतो, म्हणून निम्मे.

मी अशाच एका प्रयोगशाळेत अकरा वर्षं काढली (कोणती ते विचारू नका), म्हणून पऱ्हाटींच्या 'कशावर मोजलं' याचं उत्तर देतो. पांढरे उंदीर, मोठे, इंग्रजीत ज्यांना रॅट म्हणतात ते. आदल्या रात्री उपाशी ठेवायचे. सकाळी वजन करायचं. टोकाला छोटी गोळी असलेली वाकडी सुई घशातून थेट जठरात सरकवायची आणि मोजून द्रव सोडायचा. पहिल्या अर्ध्या तासात एकदा तरी पाहायचं, मग चार तास लक्ष ठेवायचं, मग रोज, चौदा दिवस. कोण थरथरतं, कोणाच्या तोंडाला लाळ येते, कोण कोपऱ्यात अंग आखडून बसतं, सगळं लिहायचं. सातव्या आणि चौदाव्या दिवशी पुन्हा वजन. जगलेल्यांनाही शेवटी मारून आतले अवयव पाहायचे.

पूर्वी एका आकड्यासाठी उंदरांचे पिंजरेच्या पिंजरे रिकामे व्हायचे. ती जुनी पद्धत ओईसीडीने (चाचण्यांचे नियम ठरवणारी श्रीमंत देशांची संघटना) २००२ मध्ये काढून टाकली. आता एका वेळी तीनच माद्या घेतात आणि ५, ५०, ३००, २००० अशा ठरलेल्या पायऱ्यांनी वर-खाली जातात. नेमका आकडा मिळत नाही, गट मिळतो. रंग द्यायला तेवढं पुरतं.

सुगरण_नाशिक | १० सप्टेंबर, दुपारी २:०२

वाचून कसंतरी झालं. पण मग आपल्या रोजच्या खाण्याला असे रंग दिले तर?

उंदीरमामा | १० सप्टेंबर, दुपारी २:४०

देता येतात की. उंदराच्या आकड्यांवरून: साखर सुमारे ३०,००० म्हणजे हिरवी. मीठ ३,००० च्या आसपास, म्हणजे निळं. कॉफीतलं कॅफीन साधारण २००, म्हणजे पिवळं. शुद्ध अल्कोहोल ७,००० च्या घरात.

टवाळपुरी | १० सप्टेंबर, दुपारी २:४४

थांबा. कॉफी पिवळी आणि दारू हिरवी? ही पोस्ट छापून, लॅमिनेट करून घरी लावतोय.

मिसेस_टवाळपुरी | १० सप्टेंबर, दुपारी ३:३०

लावून तर बघा.

बी-बियाणे | १० सप्टेंबर, दुपारी ४:१०

थट्टा बाजूला, पण हेच मी म्हणत होतो. निळं म्हणजे मिठाच्या गटात. काकांना फार घाबरवू नका.

तालुका_डॉक्टर | १० सप्टेंबर, रात्री ९:५०

बी-बियाणे, इथे माझा विरोध नोंदवा. मीठ आणि निळ्या शंकरपाळीचा डबा एका गटात येतात ते फक्त एका प्रश्नापुरतं: एकदाच, तोंडावाटे, किती दिलं की उंदीर मरतो. माझ्याकडे येणारा माणूस उंदीर नसतो, त्याने एकदाच घेतलेलं नसतं आणि तोंडावाटे तर घेतलेलंच नसतं.

२०१७ च्या त्या हंगामात मी विदर्भातल्याच एका दवाखान्यात होतो. आलेल्यांपैकी बऱ्याच जणांची पहिली तक्रार उलटीची नव्हती. "डोयाले दिसून नाही राह्यलं" ही होती. टॉर्च मारला की बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. घामाने सदरा चिंब, तोंडाला लाळ, छातीत घरघर आणि कपड्यांना लसणासारखा वास. ऑरगॅनोफॉस्फेट गटातली औषधं आपल्या शरीरातलं कोलिनएस्टरेज नावाचं एंझाइम बांधून टाकतात. नसेने स्नायूला किंवा ग्रंथीला दिलेला निरोप पुसायचं काम त्या एंझाइमचं. ते बंद पडलं की निरोप पुसलाच जात नाही, नळ सुटल्यासारख्या सगळ्या ग्रंथी वाहत राहतात. किड्याचंही हेच होतं आणि माणसाचंही हेच. किडा लहान, माणूस मोठा, एवढाच काय तो फरक.

त्यावर अ‍ॅट्रोपिन द्यायचं, छाती कोरडी पडेपर्यंत, काही मिनिटांच्या अंतराने पुन्हा पुन्हा. अ‍ॅट्रोपिन जास्त झालं की पेशंट बडबडतो, हवेतली चिलटं पकडतो. एकजण रात्रभर पलंगाच्या लोखंडी दांडीला पंपाचा दांडा समजून वर-खाली करत होता. बायको पायथ्याशी बसून म्हणत होती, "झालं ना आता, सोडा ना."

तिच्या पिशवीत डबा होता. लाल नव्हता.

सुगरण_नाशिक | १० सप्टेंबर, रात्री १०:०५

डॉक्टर, काय झालं पुढे त्यांचं?

तालुका_डॉक्टर | १० सप्टेंबर, रात्री १०:२०

अकराव्या दिवशी घरी गेला चालत.

रानवाट | ११ सप्टेंबर, सकाळी ६:५५

'माणूस उंदीर नसतो' यावरून गिधाडं आठवली. अवांतर वाटेल, पण नाही.

डायक्लोफेनॅक. आपण कंबरदुखीला घेतो तेच. जनावरांना दुखण्यावर टोचायचे. जनावर मेलं की गिधाडं खायची आणि त्यांचे मूत्रपिंड बंद पडायचे. आतल्या अवयवांवर युरिक अ‍ॅसिडची पांढरी खर चढायची, चुना फासल्यासारखी. पांढऱ्या पाठीच्या गिधाडाला किलोमागे ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम पुरतं. उंदराला त्याच्या शेकडो पट लागतं. उंदराचा आकडा पाहून कोणालाही वाटलं नसतं की हे औषध देशातली गिधाडं संपवेल. २००४ मध्ये कारण सापडलं, २००६ मध्ये जनावरांसाठी बंदी आली, तोवर या जातीची शंभरातली नव्व्याण्णव गेली होती. बंदीनंतरही माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचत राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये बाटलीच ३ मिलिलिटरची केली. आता रायगडात म्हसळ्याजवळच्या चिरगावला किंवा फणसाडला एखादं दिसलं तरी आम्ही फोटो काढत सुटतो.

मेलॉक्सिकॅम हे तसंच वेदनाशामक, गिधाडाला चालतं. का? त्याचं शरीर ते पटकन बाहेर टाकतं. शेवटी सगळी गोष्ट कोणाचं यकृत काय पचवतं यावर येते.

मनीमाऊची_आई | ११ सप्टेंबर, सकाळी ९:१२

+१. मांजरांना पॅरासिटामॉल कधीही देऊ नका, त्यांच्या यकृतात ते निकामी करायची सोयच धड नसते, अर्धी गोळीही जिवावर बेतते. आणि कुत्र्यांसाठीचं परमेथ्रिनवालं गोचिडाचं औषध मांजराला लावू नका. आमच्या चिंगीने दोन दिवस झटके काढले. डबीवर कुत्र्याचं चित्र होतं, मीच नीट पाहिलं नाही.

मधमाशीवाला | ११ सप्टेंबर, सकाळी १०:३०

हिरव्या रंगाबद्दलही बोला की कोणीतरी. क्लोरअँट्रानिलीप्रोल हिरवं आहे, उंदराला ५००० ने काही होत नाही. पण पाण्यातल्या डॅफ्नियाला, म्हणजे माशांच्या पिल्लांच्या खाऊला, लिटरमागे मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागाच्या आसपास पुरतं. आणि इमिडाक्लोप्रिडचा मधमाशीसाठीचा आकडा नॅनोग्रॅममध्ये मोजतात, एका मधमाशीमागे चारेक नॅनोग्रॅम. मी कांदा बीजोत्पादनाला पेट्या भाड्याने देतो. फुलोऱ्यात शेजारच्याने फवारलं की संध्याकाळी पेटीच्या तोंडाशी मेलेल्या मधमाश्यांचा थर. शेजारी डबा दाखवतो: "लाल कुठंय?"

रंग माणसासाठी आहेत, आणि तेही डॉक्टर म्हणतात तसं उंदरामार्फत.

निसर्गसखी | ११ सप्टेंबर, सकाळी ११:००

म्हणूनच मी म्हणते, रासायनिक बंदच करा. दशपर्णी अर्क वापरा, नैसर्गिक आहे, पोटात गेलं तरी काही होत नाही.

बी-बियाणे | ११ सप्टेंबर, सकाळी ११:०८

ताई, दशपर्णीत धोतरा आणि कण्हेर असते. पोटात घालू नका, हात जोडतो.

सुगरण_नाशिक | ११ सप्टेंबर, सकाळी ११:२५

कडू दुधी पण! आमची आजी दुधी कापला की शेंड्याचा एक काप जिभेला लावून बघायची, मगच भाजी. मला वाटायचं सवय आहे. कडू दुधीचा रस पिऊन माणसं गेल्याच्या बातम्या आल्या तेव्हा कळलं. क्युकरबिटॅसिन म्हणतात त्या कडूपणाला. माझी जीभ अजून तरी बरोबर चालते.

उंदीरमामा | ११ सप्टेंबर, दुपारी १२:१०

फुकट, झटपट आणि उंदीर न मारता. मात्र फक्त कडू विषांना. बिहारमध्ये सारण जिल्ह्यात जुलै २०१३ मध्ये शाळेच्या जेवणातून मोनोक्रोटोफॉस गेलं आणि २३ मुलं गेली. तेलाला वेगळाच वास आणि चव असल्याची कुरकुर तिथेही झाली होती, ऐकलं कोणी नाही. रिकामा डबा घरात कशालाही वापरू नका हे काकांना आवर्जून सांगा, पऱ्हाटी.

भंडाऱ्याचा_भात | ११ सप्टेंबर, दुपारी १:४५

आणखी एक, हळू विषाबद्दल. आमच्याकडे धानानंतर लाखोळी पेरतात. वरण म्हणून अधूनमधून खाल्ली तर काही होत नाही, पिढ्यान्‌पिढ्या खातोय. दुष्काळात महिनोन्‌महिने तीच मुख्य अन्न झाली की पाय लुळे पडतात, त्यावरूनच १९६१ मध्ये विक्रीवर बंदी आली. चौदा दिवसांच्या तुमच्या उंदराला हे कसं कळणार? आमच्या आजीचा नियम: रात्रभर भिजवायची, पाणी फेकायचं, पुन्हा उकळून पाणी फेकायचं. ते विष पाण्यात उतरतं.

उंदीरमामा | ११ सप्टेंबर, दुपारी २:३०

नाही कळणार, म्हणून त्याच्यासाठी वेगळ्या चाचण्या असतात: ९० दिवस, दोन वर्षं, पुढच्या पिढ्या. तिथे 'किती मेले' बघत नाहीत. ज्या मात्रेला काहीच बिघडलं नाही ती सगळ्यात वरची मात्रा शोधतात आणि तिला साधारण १०० ने भागतात. त्यात १० पट उंदीर आणि माणूस यांतल्या फरकासाठी, आणखी १० पट माणसामाणसांतल्या फरकासाठी. रोज किती पोटात गेलं तरी चालेल ती मर्यादा त्यातून निघते. शंकरपाळीत यातलं काहीच नसतं.

बांधावरून | ११ सप्टेंबर, रात्री ८:२०

सगळं वाचलं. चांगलं लिहिता. आता ऑक्टोबरच्या उन्हात, डोक्याएवढ्या कपाशीत, पाठीवर पंधरा-सोळा लिटरचा पंप आणि अंगात प्लास्टिकचा अंगरखा घालून एक तास चालून दाखवा. मजूर पंपाच्या हिशेबाने पैसे घेतो. मोजे घालून झाकण उघडायला वेळ लागतो, तो वेळ त्याच्या खिशातून जातो. पुण्यात बसून 'हातमोजे घाला' म्हणणं सोपं आहे. राग मानू नका पऱ्हाटी.

पऱ्हाटी | ११ सप्टेंबर, रात्री ८:४५

राग नाही. काकाही हेच म्हणाले, फक्त शिव्यांसकट.

उंदीरमामा | ११ सप्टेंबर, रात्री ९:३०

बांधावरून यांच्या पोस्टमुळे एक गोष्ट लिहावीशी वाटली, जी मला अकरा वर्षांत एकदाही खटकली नव्हती. कातडीवरची चाचणी आम्ही अशी करायचो: उंदराच्या पाठीचे केस काढायचे, अंगाच्या साधारण दहाव्या भागावर औषध लावायचं, वर गॉज, चोवीस तास. खोलीचं तापमान २२ अंश. उंदराच्या पाठीला घाम येत नाही आणि तो पिंजऱ्यात बसलेला असतो.

तुमचा मजूर ३५ अंशांत चालतोय, कातडी घामाने फुगलेली. वर औषध कुठे पडतं त्यावरही ठरतं. पॅराथिऑन नावाचं कीटकनाशक माणसाच्या अंगावर लावून अमेरिकेत मोजलं गेलंय: कोपराखालच्या हातातून सुमारे ९ टक्के आत जातं, कपाळातून ३६, काखेतून ६४ आणि वृषणाच्या कातडीतून जवळजवळ सगळंच. गळका पंप पाठीवर असला की ओघळ कुठे जातो ते सांगायला नको. आणि श्वास तर या रंगांत धरलेलाच नाही. चारही रंग तोंड आणि कातडी यांवरच ठरतात.

टवाळपुरी | ११ सप्टेंबर, रात्री ९:४१

हातमोज्यांपेक्षा लंगोट महत्त्वाचा हे विज्ञानाने सिद्ध केलं तर.

बांधावरून | ११ सप्टेंबर, रात्री ९:५०

हसलो. पण मुद्दा पटला. पंपाचा वायसर बदलायला मजुराचा वेळ जात नाही.

फ्रेस्नोकर | १२ सप्टेंबर, पहाटे ४:१५

कॅलिफोर्नियातून. इथे बदामाच्या बागांत कामगारांचं काय करतात ते सांगतो. ऑरगॅनोफॉस्फेटसारखी औषधं महिन्यात सहा दिवसांपेक्षा जास्त हाताळणाऱ्याचं रक्त हंगामाआधी तपासतात आणि कोलिनएस्टरेजचा त्याचा स्वतःचा आकडा लिहून ठेवतात. मग हंगामात पुन्हा पुन्हा तपासणी. स्वतःच्या आकड्याच्या ८० टक्क्यांखाली आला की मालकाने कामाची पद्धत तपासायची, लाल पेशींतला ७० टक्क्यांवर उतरला की माणसाला त्या औषधांच्या कामातून बाजूला काढायचं. स्वतःचा आकडा आधी हवाच, कारण प्रत्येकाचा मुळातच वेगळा असतो. नुसता एक रिपोर्ट पाहून 'नॉर्मल' म्हणण्यात अर्थ नसतो.

तालुका_डॉक्टर | १२ सप्टेंबर, सकाळी ८:००

आमच्याकडे त्या हंगामात ती तपासणीच होत नव्हती. टॉर्च होता.

पऱ्हाटी | २ ऑक्टोबर, रात्री ९:१८

धागा वर काढतोय. सुट्टीत गावी आलोय. काकांना सगळं सांगितलं: उंदीर, २२ अंश, काख, लंगोट. लंगोटावर पोट धरून हसले. मग म्हणाले, चल, दाखव तुझी शंकरपाळी.

खोलीत बाजेवर डबे मांडले. उद्याच्या फवारणीला दुकानदाराने चिठ्ठीवर तीन औषधं लिहून दिलीत, एकाच पंपात टाकायला. एक पिवळं, एक निळं, एक हिरवं. काकांनी चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि विचारलं, "मंग या तिघाईच्या मिसळीचा रंग कोन्ता?"

उंदीरमामा, कोणता?

उंदीरमामा | २ ऑक्टोबर, रात्री ९:४०

कोणताच नाही. चाचणी प्रत्येक डब्याची वेगळी होते, दुकानदाराच्या चिठ्ठीची कोणी केलेली नाही. बेरीज करूनही चालत नाही. उदाहरण देतो: सायपरमेथ्रिन शरीरात ज्या एंझाइमांनी मोडतं तीच एंझाइमं प्रोफेनोफॉस अडवतं. त्यामुळे दोन्ही एकत्र गेली की सायपरमेथ्रिन जास्त वेळ टिकतं. डब्यांवरची नावं टाका बरं.

बी-बियाणे | २ ऑक्टोबर, रात्री ९:५२

मी पण अशा चिठ्ठ्या लिहिल्यात. गिऱ्हाईक म्हणायचं, "तीनदा मजुरी कोन देईन?" आणि मी लिहायचो.

पऱ्हाटी | २ ऑक्टोबर, रात्री १०:३०

नावं टाकतो, पण दोन डब्यांचे कागद पार भिजून निघालेत, फक्त रंग उरलाय. काकांनी उद्याची फवारणी परवावर ढकलली आहे. पिवळं बाजूला ठेवलंय, उरलेली दोन वेगवेगळ्या दिवशी. पंपाचा वायसर खरंच गेलेला होता, टाकीत नुसतं पाणी भरून पाठीवर घेतला तर माझी पँट मागून भिजली. सकाळी दारव्ह्याहून नवा आणतो.

वऱ्हाडी ठेचा | २ ऑक्टोबर, रात्री १०:३४

दोन आन. एक फुटते.